लाकडी क्लोज्ड-बॅक हेडफोन कसा पारखावा: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानात गेलात, तर तयार तंबोऱ्याच्या तबलीवर बोटानं हलकी टिचकी मारून बघा. सगळं वाद्य गुंजतं. ते लाकूड गाण्यासाठीच निवडलेलं आणि तासलेलं असतं. लाकडी हेडफोन विकतानाही हेच चित्र आपल्यापुढे धरलं जातं. लाकूड म्हणजे ऊब, लाकूड म्हणजे गोडवा, लाकूड म्हणजे वाद्यासारखा आवाज. पंचवीस हजारांपासून दीड लाखापर्यंत खर्च करायला निघालेला नवखा माणूस नेमका इथेच चुकतो. हेडफोनच्या कानावर बसणाऱ्या कपातलं लाकूड गायला लागलं तर गाणं बिघडतं. त्या लाकडानं गप्प बसायचं असतं. पुढची सगळी पारख या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी ठरवा: बंद कप खरंच हवाय का?

हेडफोनचे दोन प्रकार. ओपन-बॅकमध्ये कपाची पाठ जाळीची असते, आवाज मागच्या बाजूनं मोकळा निघून जातो. क्लोज्ड-बॅकमध्ये पाठ बंद असते. नुसतं लाकूड दिसलं म्हणून हेडफोन बंद आहे असं समजू नका. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ग्राडो कंपनी वर्षानुवर्षं लाकडी कपांचे हेडफोन बनवते, पण त्यांची पाठ उघडी असते. तेव्हा खोक्यावर किंवा माहितीपत्रात ‘क्लोज्ड’ हा शब्द शोधाच.

घरात पंखा फिरतोय, कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत, शेजारी कोणी झोपलंय, अशा घरांत बंद कप कामाचा. मात्र लोकलमध्ये किंवा एसटीत वापरायचा विचार असेल तर लाकडी प्रीमियम हेडफोन सोडून द्या. यातले बरेचसे बाहेरचा आवाज माफकच अडवतात, फोस्टेक्स या जपानी कंपनीचा टीएच-९०० तर त्यातही कमी. प्रवासासाठी नॉइज कॅन्सलिंगवाले वेगळे घ्या, त्यांचं काम वेगळं आहे.

लाकूड नेमकं काय करतं

ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा पडदा पुढे कानाकडे हवा ढकलतो, तशीच मागे कपातही ढकलतो. मागच्या त्या आवाजाला बंद कपात जायला वाट नसते. तो भिंतींवर आपटून परत येतो, पातळ पडद्यातून पुन्हा कानाकडे शिरतो आणि मूळ आवाजात मिसळतो. कपाची आतली रुंदी ८ सेंटीमीटर धरली तर पहिली उभी लहर, म्हणजे भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर, साधारण २,१०० हर्ट्झला तयार होते. आतली खोली ३ सेंटीमीटर असेल तर दुसरी ५,७०० च्या आसपास. माणसाच्या आवाजातली स्पष्टता, शब्दांची धार याच पट्ट्यात असते. म्हणून वाईट बंद हेडफोनमध्ये गायक घागरीत तोंड घालून गातोय असं वाटतं.

हे रोखायला तीन गोष्टी लागतात: कपाचा आतला आकार, आत भरलेली लोकर किंवा फेल्ट, आणि भिंतीचा जडपणा. लाकूड तिसऱ्या गोष्टीत मदत करतं. पातळ प्लास्टिकपेक्षा ते जड असतं आणि धातूपेक्षा लवकर शांत होतं. लाकडाची कामगिरी एवढीच, पण ती काही कमी नाही. मात्र पहिल्या दोन गोष्टी जमल्या नसतील तर जगातलं सर्वांत महाग आबनूसही तो हेडफोन वाचवू शकत नाही.

दुकानात एक साधी चाचणी करता येते. हेडफोन न लावता हातात धरा आणि कपावर नखानं टिचकी मारा. ‘टक्’ असा बुटका, कोरडा आवाज आला तर चांगलं. ‘टण्’ असा मागे रेंगाळणारा आवाज आला तर कपाची भिंत पातळ आहे, किंवा वर नुसता लाकडाचा पापुद्रा चिकटवलाय. पापुद्रा ओळखायला कपाची कड बघा. अखंड लाकडाच्या रेषा कडेवरून वळून बाजूला उतरतात, पापुद्र्याच्या रेषा कडेपाशी तुटतात.

लाकडानं आवाज किती बदलतो हे ऐकायचं असेल, तर फोस्टेक्स टीएच-एक्स००चं उदाहरण फार बोलकं आहे. अमेरिकेतल्या मासड्रॉप या ऑनलाइन दुकानानं तो आधी महोगनीत काढला, मग पर्पलहार्ट आणि आबनुसातही. कूळ एकच, लाकूड वेगळं. मला त्यांत फरक ऐकू आला, पण त्यातल्याच एका हेडफोनचे इअरपॅड (कानाभोवतीच्या गाद्या) बदलले तेव्हा जो फरक पडला त्यापुढे लाकडाचा फरक किरकोळ वाटला. इअरपॅडकडे आपण परत येणार आहोत, कारण माझे पैसे तिथेच बुडता बुडता वाचलेत.

डोक्यावर बसतोय का ते बघा, चष्म्यासकट

हे पाऊल लोक उरकून टाकतात. बंद हेडफोनचा बेस इअरपॅडनं कानाभोवती धरलेल्या हवेवर अवलंबून असतो. चष्म्याची काडी, जाड केस, कानातली कुडी, यांनी एवढीशी फट पडली तरी १०० हर्ट्झच्या खालचा आवाज गळतो. म्हणून रोज ज्या अवतारात ऐकणार त्याच अवतारात जा. चष्मा असेल तर चष्मा, दुपट्टा असेल तर दुपट्टा.

फोनवर ४० हर्ट्झचा सूर लावणारं कुठलंही मोफत ॲप चालेल. सूर हळू लावा आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाहीये. एका बाजूला वाढला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर तुमच्या चेहऱ्याच्या त्या बाजूला फट आहे. लोक लिहितात की अमुक हेडफोनला बेसच नाही, आणि दुसरे त्याच हेडफोनबद्दल बेस फार आहे म्हणून तक्रार करतात. दोघंही खरं सांगत असतात, डोकी वेगळी असतात.

मग किमान अर्धा तास घालून बसा. मेझे कंपनीच्या ९९ क्लासिक्स या लाकडी हेडफोनचं वजन २६० ग्रॅम, डेनॉनच्या एएच-डी९२०० चं ३७५. कागदावर सव्वाशे ग्रॅमच्या आत फरक आहे, मानेला तासाभरानं तो चांगलाच कळतो. मेझेची डोक्यावरची पट्टी आपोआप बेतली जाते, ते फार सोयीचं आहे. पण कान मोठे असतील तर इअरपॅडच्या कडा कानाला टेकतात का, ते तपासा.

ॲम्पच्या आधी हिशेब

नवीन माणसाला हेडफोनसोबत ॲम्पही (आवाजाला ताकद देणारं यंत्र) घ्यायला लावतात. थोडं गणित करा. डी९२०० चा रोध २४ ओहम आणि संवेदनशीलता १ मिलिवॉटला १०५ डेसिबल. १० डेसिबल कमी म्हणजे वीज दहावा भाग, म्हणून ९५ डेसिबलसाठी फक्त ०.१ मिलिवॉट पुरतो. तालवाद्याच्या क्षणिक फटक्यासाठी ११५ डेसिबल धरले तरी १० मिलिवॉट, म्हणजे अर्ध्या व्होल्टपेक्षा किंचित कमी. १ व्होल्टच्या आसपास देणारा, फोनला लावायचा चांगला यूएसबी-सी डाँगल हे काम आरामात करतो. मेझे ९९ चे आकडेही याच घरातले आहेत, ३२ ओहम आणि १०३ डेसिबल.

एवढंच पाहा, की ज्या यंत्रातून ऐकणार त्याचा आउटपुट रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागापेक्षा जास्त नसावा. २४ ओहमच्या हेडफोनला ३ ओहमपर्यंत. जुन्या स्टिरिओ ॲम्पच्या हेडफोन सॉकेटमध्ये हा रोध कधीकधी शंभरावर असतो. तिथे हा हेडफोन लावून ‘बेस सैल आहे’ असा निकाल देऊ नका, दोष सॉकेटचा असतो.

दोन हेडफोन एकाच आवाजावर आणा

दोन हेडफोनांची तुलना करताना जो थोडासा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरक मोठेपणा म्हणून जाणवत नाही, ‘जिवंतपणा’ म्हणून जाणवतो. त्यामुळे पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा खळखळाट) लावा आणि दोन्ही हेडफोन कानाला सारखे मोठे वाटेपर्यंत आवाज जुळवा. मग ते आकडे लिहून ठेवा, प्रत्येक वेळी अंदाजानं बटण फिरवू नका. आवाज माफक ठेवा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी मर्यादा सांगते. मोठ्या आवाजावर वीस मिनिटांत कान थकतात, आणि थकलेल्या कानाला सगळे हेडफोन सारखेच लागतात.

सोबत तुमचा जुना, ओळखीचा हेडफोन न्याच. तो दोन हजारांचा असला तरी चालेल. तुमच्या कानाला त्याची सवय आहे, म्हणून मोजपट्टी तीच.

आता ऐका

परदेशी परीक्षणांत पियानो, जॅझ, रॉक यांवर चाचण्या असतात. त्या चुकीच्या नाहीत, पण ज्या आवाजांत आपला कान घडला त्यांवर चूक लवकर सापडते. मी चार गोष्टी ऐकते.

पहिला तंबोरा. नुसत्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण घ्या, काळी एकच्या पट्टीतला पुरुषी तंबोरा असेल तर उत्तम. तारांचा क्रम पंचम, जोड, जोड, खर्ज. खर्जाचा मूळ सूर ६९ हर्ट्झच्या जवळ येतो, पण तंबोऱ्याचं खरं ऐश्वर्य घोडीवरच्या जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वरांत असतं. ते वर्तुळासारखे फिरत राहतात, एक मावळताना दुसरा उगवतो. चांगल्या हेडफोनमध्ये हे फिरणं अखंड ऐकू येतं. ज्या कपात प्रतिध्वनी साठतो तिथे एखादाच वरचा सूर प्रत्येक फेरीत पुढे येऊन टोचतो, किंवा एखाद्या जागी वर्तुळ तुटल्यासारखं वाटतं. या एका चाचणीनं मी जितके हेडफोन नाकारले, तितके दुसऱ्या कशानंच नाही. पाच मिनिटं शांत बसा, डोळे मिटा, आणि प्रत्येक तार वेगळी मोजता येते का ते बघा.

दुसरा तबला, त्यातही डग्गा. ‘गे’ वाजवताना मनगट पुढे सरकतं आणि सूर खालून वर चढतो. ती चढण ऐकू आली पाहिजे. बेस फुगवलेल्या हेडफोनमध्ये ‘गे’ मोठा येतो, पण चढण हरवते, नुसता ‘धुम्म’ उरतो. मग ‘धा’ ऐका. त्यात उजव्याचा ‘ना’ आणि डाव्याचा ‘गे’ एकाच क्षणी पडतात. दोन्ही वेगळे कळले पाहिजेत, ‘ना’ला चाटेचा करकरीतपणा हवा आणि डग्ग्यानं त्याच्यावर पांघरूण घालायला नको.

तिसरी गोष्ट साधं मराठी बोलणं. आकाशवाणीच्या बातम्या लावा किंवा एखादी नीट मुद्रित केलेली मुलाखत. आपल्या भाषेत दोन ‘च’ आहेत, ‘चार’मधला तालव्य आणि ‘चांगला’मधला दंततालव्य. दुसऱ्याची सळसळ जास्त वरच्या पट्टीत असते. हेडफोनला ६ ते ८ हजार हर्ट्झदरम्यान टोक असेल तर ‘चांगला’, ‘चमचा’, ‘जास्त’ हे शब्द सुई टोचावी तसे लागतात, आणि ‘चार’ मात्र ठीक वाटतो. त्याच बातम्यांत पुरुष निवेदकाचा आवाज छातीतून येतोय की डब्यातून, तेही ऐका. हे ऐकायला संगीताचा कान लागत नाही. मराठी ऐकत मोठ्या झालेल्या कुणालाही जमतं.

चौथी, वारकरी भजन. पंधरा-वीस टाळ, पखवाज आणि मागे सामूहिक आवाज. टाळ म्हणजे हेडफोनच्या ट्रेबलची, वरच्या सुरांची कठोर परीक्षा. प्रत्येक टाळेचा आघात वेगळा आणि नाद वेगळा ऐकू यावा. सगळं मिळून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं झालं, तर तो हेडफोन तुम्हाला तासाभरात थकवेल.

या चार गोष्टींनंतर २०० ते ८,००० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकच सूर लावा. मध्येच आवाज खड्ड्यात गेल्यासारखा किंवा अंगावर आल्यासारखा वाटला तर ती जागा लिहून ठेवा. मग तोच सूर जुन्या हेडफोनवर ऐका. दोन्हींकडे त्याच जागी होत असेल तर ते बहुधा तुमच्या कानाच्या रचनेमुळे आहे. फक्त नव्यात होत असेल तर कपाचा दोष.

मी ऐकलेल्यांपैकी मेझे ९९ क्लासिक्स ऊबदार आहे, बेसचा वरचा भाग जरा फुगीर, त्यामुळे पुरुष गायकाचा आवाज किंचित जड होतो. टीएच-९००चा बेस खोल आणि ट्रेबल झगझगीत, मधला आवाज एक पाऊल मागे. नाट्यसंगीत ऐकताना मला ते मागे जाणं खटकतं, इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याला तेच आवडेल. डी९२०० या तिघांत सर्वांत समतोल, मात्र टाळ त्यावर जरा पुढे येतात.

आलेख बघावेत, पण एकाच यंत्रावरचे

हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांना बसवून, कुठला आवाजाचा तोल बहुतेकांना आवडतो हे २०१२-१३ पासून तपासलं. कुठल्या हर्ट्झला हेडफोन किती मोठा वाजतो हे दाखवणाऱ्या बहुतेक आलेखांवर त्यातून निघालेली हर्मन रेषा आज दिसते. तुमचा हेडफोन तिच्यापासून कुठे दूर जातो हे बघायला ती उपयोगी आहे. दोन वेगळ्या ठिकाणांवरचे आलेख मात्र शेजारी ठेवू नका, मोजायचे कृत्रिम कान वेगवेगळे असतात. आणि ८ हजारांच्या वर फार विश्वास ठेवू नका.

फुगवटा असेल तर इक्वलायझरनं (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणारी सोय) दोन-तीन डेसिबल उतरवता येतो, त्यात कमीपणा नाही. पण कपातल्या प्रतिध्वनीनं पडलेला अरुंद खड्डा इक्वलायझरनं भरत नाही. तिथे कितीही आवाज ओता, परतणारी लहर तो खाऊन टाकते. खड्डा असलेला हेडफोन सरळ सोडा.

पैसे कशाचे मोजताय?

मेझे ९९ क्लासिक्स २०१५ मध्ये ३०९ डॉलरला आला, डी९२०० २०१८ मध्ये १,५९९ डॉलरला. पाचपट. पाचपट आवाज मिळतो का? नाही मिळत. माझ्या कानांना तंबोऱ्याचं वर्तुळ जास्त अखंड मिळालं, ‘धा’ जास्त मोकळा मिळाला, आणि हे खरं सुख आहे. बाकीचे पैसे कुठे जातात तेही समजून घ्या. डी९२०० चे कप जपानच्या शिकोकू बेटावरल्या कोची प्रांतातल्या मोसो बांबूचे असतात. बांबू म्हणजे खरं तर गवतच. टीएच-९०० चा कप जपानी बर्चच्या जातीच्या लाकडाचा, त्यावर उरुशी लाखेचे थर. सोनीनं १९८९ मध्ये एमडीआर-आर१० काढला, झेल्कोवा लाकडाचे कप आणि जिवाणूंनी विणलेल्या सेल्युलोजचा पडदा. आज संग्राहक त्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. त्यातलं बरंचसं मोल दुर्मिळतेचं असतं.

सुंदर वस्तू आवडते म्हणून घेण्यात गैर काहीच नाही. मला हातातला अक्रोडाचा कप खूप आवडतो, त्याच्या रेषा मी रोज बघते. फक्त ती रक्कम वेगळ्या रकान्यात लिहा: हे आवाजाचे, हे लाकडाचे. दोन रकाने वेगळे लिहिले की निर्णय सोपा होतो. बजेट कमी असेल तर सिवगाच्या रॉबिन किंवा ओरिओलसारखे लाकडी बंद हेडफोनही ऐकून बघा, तेच चार आवाज लावून.

किमतीत पुढच्या पाच वर्षांचा खर्चही धरा. मूळ इअरपॅड भारतात मिळतात का, कितीला? केबल सुटी होते का? वॉरंटी भारतातली आहे की परदेशातली? बाहेरून मागवलात तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी जोडूनच तुलना करा.

वापरलेला घेताय तर

मी एक लाकडी हेडफोन ऑनलाइन, एका विक्रेत्याकडून जुना घेतला होता. लाकूड चकचकीत, एक ओरखडा नाही. घरी ऐकला तर डग्गा गायब आणि बातम्या टोचणाऱ्या. दोन महिने मी वेगवेगळे डाँगल बदलत बसले, कानच बिघडले असं वाटायला लागलं. शेवटी इअरपॅड काढून बघितले तर ते मूळचे नव्हते, जाड आणि स्वस्त नक्कल होती. आतली छिद्रं वेगळी, उंची वेगळी. मूळ इअरपॅड मागवून बसवले आणि त्याच संध्याकाळी खर्ज परत आला. त्यामुळे जुना हेडफोन बघताना आधी लाकूड नाही, इअरपॅड बघा. उजेडात कपाच्या आतून फोटो मागवा, कंपनीच्या फोटोशी ताडून बघा. मग दोन्ही बाजूंना आळीपाळीनं एकच मोनो सूर लावून दोन्ही ड्रायव्हर सारखे वाजतात का ते ऐका.

घरी आणल्यावर

परत करायची मुदत किती आहे ते पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा आणि त्याच्या दोन दिवस आधी तंबोऱ्याची चाचणी पुन्हा करा. तोवर नवेपणाचं कौतुक ओसरलेलं असतं.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जूनच्या आधी सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवा. लाकडावर लेप असतो, ते सहसा तग धरतं. कृत्रिम चामड्याचे इअरपॅड मात्र दमट हवेत घामानं चिकट होतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतात. ऐकून झालं की सुती कापडानं पुसा, अर्धा तास पंख्याखाली उघडे ठेवा, मग डब्यात. हेडफोन तारेनं लटकवू नका, आणि खिडकीच्या उन्हात तर कधीच नाही, उन्हानं लाकडाचा रंग एका बाजूनं उडतो. आणि मूळ इअरपॅडची एक जोडी आताच घेऊन ठेवा, मॉडेल बंद झालं की ती मिळत नाही.